शेख मुतलकच्या घरी थंड झालेली कॉफी

नौफाचं जमीद ज्याने खाल्लं नाही त्याने कराकच्या पठारावर जन्माला येऊन काय केलं, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणतात म्हणजे मी म्हणतो आणि बाकीचे मान डोलावतात. मेंढीच्या दह्याचे तिने वळलेले गोळे उन्हात वाळून इतके कडक होतात की एखाद्याच्या डोक्यात घातला तर खटला उभा राहील. तोच गोळा भिजवून, चेचून, मंद आचेवर ढवळला की मटणावर ओतायला असा रस्सा होतो की भांडलेले भाऊही एका परातीत हात घालतात. अट एकच असते. रस्स्याला उकळी येईपर्यंत ढवळणारीचा हात थांबता कामा नये. थांबला की रस्सा फाटतो.

नौफाचा हात कधी थांबायचा नाही आणि जीभही नाही. हाज स्वैलिमच्या थोरल्या मुलाला, मिख्लिदला ती दिली होती. मिख्लिद शाळेची बस चालवतो. माणूस देवभोळा, कमी बोलणारा. लग्न झाल्यावर बोलायचं खातंच त्याने बायकोकडे सोपवून टाकलं. बरीच वर्षं त्यांच्या घरात पाळणा हलला नाही. मग हलायची चिन्हं दिसली तेव्हा नौफाच्या रक्तात साखर वाढली, पोट असं आलं की आमची ही म्हणाली, "आत एक नाही, अख्खी वरात आहे." डॉक्टर सुफ्यानने तपासून सांगितलं की मूल मोठं आहे, पण काळजीचं कारण नाही. आमच्या भागातली निम्मी पोरं डॉक्टर सुफ्यानच्याच हातून जगात आलेली, त्यामुळे त्याने काळजी नको म्हटलं की आम्ही लगेच काळजी सोडून देत असू.

ऑलिव्ह उतरवायचे दिवस होते आणि शुक्रवार होता. कळा सुरू झाल्या म्हणून मिख्लिदने तिला शाळेच्याच बसमधून खाजगी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर जागेवर नव्हता. नर्स म्हणाली, बोलावलंय, येतीलच. दुपार कलली तरी डॉक्टर येतच होता. तो आला तेव्हा बाळाचं डोकं बाहेर आणि खांदा आत अडकलेला. पोट उघडायची वेळ टळून गेली होती. त्याने ओढलं. मुलगी रडली, जगली, पण तिचा उजवा हात रडण्यात सामील झाला नाही. अंगाला चिकटून पडून राहिला, ओल्या बाहीसारखा.

"नाजूक आहे. महिन्या-दोन महिन्यांत सरळ होईल," डॉक्टर म्हणाला.

मुलीचं नाव जूद ठेवलं. महिने गेले, वर्षं गेली, हात होता तिथेच राहिला.

आता गावाचं कसं असतं, एखादी गोष्ट घडली की ती कुणामुळे घडली हे गावाला ताबडतोब ठरवावं लागतं, नाहीतर गावाला झोप लागत नाही. डॉक्टरमुळे म्हणावं तर उद्या आपल्या सुनेला त्याच्याकडेच न्यायचं असतं. देवामुळे म्हणावं तर जीभ अडते. मग उरली कोण? नौफा. साखर असून तिने खजूर खाल्ले, असं ठरलं. कुणी म्हणालं मूठभर, कुणी म्हणालं पेटी. तिच्या चुलत सासूने तर बिया मोजल्यासारखं सांगायला सुरुवात केली. नौफा ऐकायची आणि दह्याचे गोळे वळत राहायची. तिच्या जिभेची ती पहिलीच सुट्टी. कारण काय, तर तिलाही मनातून वाटायचं की आपण खाल्ले होते. दोन-चार का होईना, खाल्ले होते.

जूद शाळेत जायला लागली. तिथे हाज स्वैलिमची धाकटी मुलगी फिद्दा शिकवायची. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एका पोरीने विचारलं, तुझा हात असा का? जूद पेन्सिलीला टोक काढत होती. पेन्सिल दातांत आणि टोकयंत्र डाव्या हातात. दातांतली पेन्सिल काढून ती म्हणाली, "आईने खजूर खाल्ले म्हणून." आणि पेन्सिल परत दातांत धरली.

फिद्दाने ते घरी येऊन वहिनीला सांगितलं. सांगायला नको होतं असं तिला नंतर वाटलं, पण मला विचाराल तर बरं झालं सांगितलं. नौफाने हातातला गोळा परातीत ठेवला, हात धुतले, आणि नवऱ्याला म्हणाली, "बस काढ. अम्मानला जायचंय."

अम्मानमध्ये हाताचे व्यायाम शिकवणारी एक बाई होती. तिने जूदचा खांदा दाबून पाहिला, कोपर वाकवून पाहिलं आणि मग नौफाला विचारलं की बाळंतपण कसं झालं. नौफाने खजुरांपासून सुरुवात केली. बाईने तिला मध्येच थांबवलं. "बाई, खजुरांनी मूल मोठं होतं. खजूर काही मुलाला मान धरून ओढत नाहीत. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ओढल्याने तुटल्यात. साखर होती, मूल मोठं होतं, हे डॉक्टरला माहीत होतं ना? मग त्याने आधीच ऑपरेशन करायला हवं होतं, किंवा निदान वेळेवर यायला."

नौफा त्या दिवशी परत येताना बसमध्ये सगळा रस्ता गप्प होती, असं मिख्लिद सांगतो. मिख्लिदला कुणाचं गप्प असणं जाणवावं म्हणजे बघा.

तिथून पुढे लमीस वकीलबाई आल्या आणि दावा दाखल झाला. सहीपुरता मिख्लिद होता, कारण मुलीचा पालक बाप. डॉक्टरांच्या चुका तपासणारी एक समिती अम्मानमध्ये बसते. ती आधी चूक झाली की नाही ते सांगणार, मग कोर्ट नुकसानभरपाई ठरवणार. भरपाई आली तर जूदच्या दंडातले स्नायू जागा बदलून जोडता येतील, हात तोंडापर्यंत तरी जाईल, असं व्यायामवाल्या बाईने सांगितलं होतं. पण नौफाला विचाराल तर ती ते दुसऱ्या नंबरवर सांगायची. पहिला नंबर हा, की कुणीतरी मोठ्या माणसाने, जिथे लिहून घेतात अशा जागी, म्हणावं की हे खजुरांनी झालेलं नाही.

डॉक्टरच्या घराण्याला हे बोचलं. खटला म्हणजे पेपरात नाव. आणि आमच्याकडे असं काही बोचलं की माणूस वकिलाकडे नंतर जातो, आधी शेख मुतलककडे जातो.

शेख मुतलक, थोरल्या मुलाच्या नावावरून अबू नायिफ, म्हणजे आमच्या पठाराची कात्री आणि सुई दोन्ही. लग्न जुळवायचं असो की खून मिटवायचा असो, जाहा, म्हणजे मागणी घेऊन जाणारी मंडळी, त्यांच्याच मागून निघते. मानाची माणसं काळे अबे पांघरून, ओळीने, समोरच्याच्या दिवाणखान्यात जाऊन बसतात. यजमान कडू कॉफी ओततो, पहिला पेला शेखांना. शेख तो पितच नाहीत. समोर ठेवतात. मग मागणी सांगतात. यजमान म्हणाला, "कॉफी प्या," की मागणी मान्य. मग सगळे पितात, आणि प्यायलेली कॉफी परत येत नाही. शेखांच्या समोरचा पेला कधी थंड होऊन परत गेला, असं कुणी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरचा काका गोडबोल्या. तो एक दिवस हाज स्वैलिमला मशिदीबाहेर भेटला आणि म्हणाला, "हाजी, येत्या शुक्रवारी शेख मुतलक तुमच्याकडे येतायत. दोन घरं जवळ आणायची गोष्ट आहे." एवढंच म्हणाला. खोटं काही बोलला नाही. लबाड माणूस खोटं बोलत नाही, तो अर्धं बोलून निघून जातो.

आता हाज स्वैलिमच्या घरात लग्नाची एकच, फिद्दा. आणि शेखांच्या बहिणीचा मुलगा जमीनमोजणी खात्यात, बिनलग्नाचा, आणि वर्षभर त्याची गाडी शाळेवरून जरा हळूच जायची. गाडी हळू जाते हे गावाने पाहिलं होतं, हाजींनी पाहिलं होतं, फिद्दाने पाहिलं नसेल असं मी म्हणणार नाही. हाजींनी दोन आणि दोन पाच केले. दिवाणखान्यातल्या गाद्यांना नवे अभ्रे चढले. फिद्दाचा हिरवा पोशाख शिवून आला. नौफाला हाजी म्हणाले, "सूनबाई, शुक्रवारी असं जमीद ढवळ की शेख बोटं चाटत घरी जातील."

"काका, बोटंच चाटतील, हात तुमच्या मुलीचाच मागतील," नौफा म्हणाली. आमच्याकडे सून सासऱ्याला काकाच म्हणते. घरात किती दिवसांनी हसू ऐकू आलं, असं आमची ही सांगते.

शुक्रवारी नमाजानंतर जाहा आली. दिवाणखाना भरला; मीही दाराजवळची जागा धरून होतो. कॉफी ओतली गेली. शेखांनी पेला समोर ठेवला. घसा साफ केला आणि सुरुवात केली, माणुसकी, शेजारधर्म, वाडवडिलांची मैत्री. शेखांची प्रस्तावना लांब असते. तेवढ्या वेळात बकरी चरून परत येते. पण हाजींना धीर कुठला? आमच्याकडे उदारपणाची एक शर्यत असते. मागणी ऐकून देणारा चांगला, पण ऐकण्याआधी देणारा थोर. हाजींनी ते वाक्य आठवडाभर पाठ केलेलं होतं. त्यांनी शेखांना मध्येच तोडलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "कॉफी प्या, अबू नायिफ. जे मागायला आलात ते तुम्ही उंबरा ओलांडलात तेव्हाच तुमचं झालं. त्याच्याहून मोठं मागितलं असतं तरी दिलं असतं."

शेख क्षणभर थांबले. इतकं सोपं त्यांनाही कधी गेलं नव्हतं. त्यांनी पेला उचलला, प्यायले. सगळे प्यायले. मीही प्यायलो.

"देव तुमचं तोंड उजळ ठेवो, अबू मिख्लिद," शेख म्हणाले. "तर डॉक्टर सुफ्यानवरचा दावा आजपासून मिटला."

हाजींचं तोंड उघडं राहिलं. काय बोलणार? मला वाटलं तुम्ही माझ्या मुलीला मागायला आलात, असं भरल्या दिवाणखान्यात म्हणायचं? न मागितलेली मुलगी पुढे करणारा बाप व्हायचं? तोंड मिटलं, आणि ते मिटलं तेच कबुली ठरलं.

पडद्यामागे स्वयंपाकघरात नौफा ढवळत होती. शब्द आत आला आणि तिचा हात थांबला. नौफाच्या हातचं जमीद त्या दिवशी फाटलं. पाणी एकीकडे, रवाळ गोळे एकीकडे. पाहुण्यांपुढे तेच ओतलं गेलं. सगळ्यांनी निमूट खाल्लं. पण संध्याकाळपर्यंत पठारावर शेखांच्या विजयाची बातमी कमी आणि फाटलेल्या जमीदाची जास्त फिरली.

पाहुणे गेल्यावर हाजी नव्या अभ्र्याच्या गादीवर बसून राहिले. फिद्दा हिरव्या पोशाखातच भांडी घासत होती.

"सूनबाई," हाजी म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

"मला माहीत आहे तुम्हाला माहीत नव्हतं."

"पण शब्द गेला."

"तुमचा गेला, काका. हात जूदचा आहे."

हाजी मान खाली घालून म्हणाले, "माझा शब्द पडला तर या घरात उद्या कोण पाऊल टाकेल? फिद्दाला कोण विचारेल?"

नौफाने मिख्लिदकडे पाहिलं. मिख्लिद भिंतीकडे पाहत होता. दुसऱ्या दिवशी लमीस वकीलबाईंनी फोनवर सांगितलं की कॉफीचे पेले कोर्टात पुरावा म्हणून चालत नाहीत, हक्क मुलीचा आहे, आजोबांना तो सोडता येत नाही. पण बापानेच मागे हटून दावा नको असं सांगितलं, तर अवघड होईल. "कायदा तुझ्या बाजूने उभा आहे, नौफा," त्या म्हणाल्या, "पण त्याला चालायला पाय तुझ्या नवऱ्याचे लागतात."

आणि मिख्लिद म्हणाला, "मी डॉक्टरविरुद्ध जाईन. बापाच्या शब्दाविरुद्ध कसा जाऊ?" आयुष्यात तो सलग बोललेलं तेच सगळ्यात लांब वाक्य असावं.

नौफाने त्याच्याशी वाद घातला नाही. सासऱ्यासमोर जाऊन बसली. "काका, तुमचा शब्द मोडा असं मी म्हणत नाही. ज्याने घेतलाय तो आपल्या हाताने परत देईल तर घ्याल?"

"प्यायलेली कॉफी कुणी परत देतं का, पोरी?"

"ते मला माहीत नाही. घ्याल का ते सांगा."

हाजींनी बराच वेळ जपमाळ फिरवली. "घेईन," म्हणाले.

नौफाने माहेरचा भरतकामाचा काळा झगा घातला, जूदला डाव्या हाताला धरलं आणि शेखांच्या घरी गेली. बायकांच्या दाराने नाही. पाहुण्यांच्या दाराने. पुढचं सगळं मला शेखांच्या बायकोकडून, उम्म नायिफकडून कळलंय, म्हणजे माझ्या हिला कळलं आणि हिच्याकडून मला. आणि उम्म नायिफ नवऱ्याची बाजू लावून सांगणारी बाई नव्हे, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवतो.

शेख एकटेच बसले होते. दारात बाई आणि मूल पाहून उठले. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी कॉफी, मग नाव-गाव. त्यांनी स्वतः ओतली आणि माणसाचं मोठेपण लहानांना मान देण्यात असतं म्हणून पहिला पेला जूदपुढे धरला. जूदने डावा हात पुढे केला.

"उजवा, पोरी, उजवा," शेख म्हणाले. हे काही रागाने नव्हतं. हे आपण प्रत्येक पोराला म्हणतो. डाव्या हाताने कॉफी दिली-घेतली तर समोरच्याचा अपमान, हे आमच्याकडे मूल चालायच्या आधी शिकतं.

"तो येत नाही," जूद म्हणाली. मग शेखांना कळलं नसेल असं वाटून तिने डाव्या हाताने उजवा हात मनगटाला धरून उचलला, झोपलेल्या मांजराचं पिल्लू उचलतात तसा, आणि मांडीवर ठेवला. "आता हा मोकळा झाला. द्या."

शेखांचा हात पेल्यासकट हवेत राहिला. नौफाने तो पेला त्यांच्या हातातून घेतला आणि जूदच्या समोर, सतरंजीवर ठेवला.

"आमची मागणी आहे, शेख," ती म्हणाली. "मान्य होईपर्यंत माझी मुलगी कॉफी पिणार नाही."

उम्म नायिफ आतल्या दारात आली होती. ती म्हणते, आमच्या घरात बाईमाणसाने पेला ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला इतका आनंद झाला की मी ओढणीचा पदर तोंडात कोंबला.

"मला सांगितलं होतं की हात जरासा नाजूक आहे," शेख म्हणाले.

"कुणी?"

"डॉक्टरच्या काकाने."

"त्याच्या हातात पेला द्या आणि म्हणावं, जराशा नाजूक हाताने धरून दाखव." मग नौफाने श्वास घेतला. "मी भांडायला नाही आले. तुम्ही माझ्या सासऱ्यांचा शब्द घेतलाय. ते तुम्हाला नाही म्हणू शकत नाहीत. तुम्हीच परत द्या. बाकी काही नको. चूक कुणाची ते अम्मानची मंडळी ठरवतील. त्यांनी माझी म्हटली तर मी घरी येऊन गप्प बसेन. पण विचारू तर द्या, शेख. ऑलिव्हच्या दिवसातल्या त्या शुक्रवारी डॉक्टर कुठे होता, हे कुणालातरी त्याला विचारू द्या."

"कोणता शुक्रवार?"

"डॉक्टरच्या पुतण्याच्या लग्नाचं बोलणं झालं तो. खालच्या गावात तुमची जाहा गेली होती ना, तोच."

उम्म नायिफ सांगते की शेखांचा चेहरा तिने चाळीस वर्षांत असा पाहिला नव्हता. मग म्हणाले, "पोरीला कॉफी पिऊ दे, नौफा. मला विचार करू दे."

"तुम्ही विचार करा. कॉफी राहू दे." ती उठली, जूदला उठवलं आणि आल्या दाराने गेली.

पेला सतरंजीवर राहिला. शेख आत गेले, बाहेर आले. पेला तिथेच. "हा उचल," बायकोला म्हणाले.

"मी कशी उचलू? माझ्यासमोर नाही ठेवला," उम्म नायिफ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पेला पाहून त्यांनी पाय वळवून जागा केली आणि विचारलं काहीच नाही. विचारायची गरज नव्हती. पाहुणे मुळात तो पाहायलाच आले होते. मग आणखी आले. शेखांच्या घराला एवढी वर्दळ ईदलाही नसते. मीही जाऊन आलो, खोटं कशाला बोलू. वरती तवंग धरला होता आणि त्यात एक माशी होती. पठारावरचा सगळ्यात मोठा माणूस त्या पेल्याला ओलांडून नमाजाला जात होता आणि ओलांडून परत येत होता. आम्ही बाहेर पडून हसलो, पण ते हसू घशाखाली काही उतरलं नाही.

त्यानंतर शेख मुतलक हाज स्वैलिमकडे आले. जाहा नाही, काळा अबा नाही, एकटे आणि पायी. बातमी त्यांच्या आधी पोचली होती, त्यामुळे दिवाणखाना भरलेलाच होता. हाजींनी कॉफी ओतली. शेखांनी पेला घेतला आणि समोर ठेवला.

हाजींनी या वेळी जीभ दातांखाली धरली.

"माझी मागणी आहे, अबू मिख्लिद," शेख म्हणाले. "तुम्ही दिलेला शब्द परत घ्या. जे तुमचं नव्हतं ते तुम्ही दिलंत आणि जे तुमचं नव्हतं ते मी घेतलं."

पुढे त्यांनी जे सांगितलं ते कुणी विचारलं नव्हतं. ते सांगितल्याशिवायही त्यांना शब्द परत देता आला असता. ते खाली बघत बोलत होते. "त्या शुक्रवारी खालच्या गावात डॉक्टर माझ्या उजव्या अंगाला बसला होता. लग्नाच्या मुलीचा बाप बोलत होता, पेला माझ्यासमोर होता. डॉक्टरच्या खिशात फोन थरथरत होता. एकदा, दोनदा, किती वेळा कोण जाणे. माझ्या मांडीला तो लागत होता. तो उठायला लागला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हटलं, बस, डॉक्टर, कॉफी प्यायल्याशिवाय उठणार का? लग्न मोडेल. तो बसला. मुलीच्या बापाचं बोलणं संपेना. आम्ही कॉफी प्यायलो, मग जेवण आलं. मला काय माहीत फोन कुठून येतो. पण मी विचारलंही नाही."

हाजी म्हणाले, "कॉफी प्या, अबू नायिफ." या वेळी ते वाक्य त्यांनी पाठ केलेलं नव्हतं.

शेख प्यायले. मग म्हणाले, "मुलगी कुठे आहे?" जूदला आणलं. "माझ्या घरी तुझी कॉफी ठेवलीय. आता पिशील?"

जूदने आईकडे पाहिलं, मग शेखांकडे. "ती थंड झाली असेल," म्हणाली. "आणि मला कडू आवडत नाही."

त्यावर शेखच पहिले हसले, म्हणून बाकीच्यांना हसता आलं.

समितीपुढे डॉक्टर सुफ्यान आधी म्हणाला की मूल मोठं होतं आणि आईची साखर आवाक्यात नव्हती. नौफाने मांडीवरची पर्स घट्ट धरली. मग शेखांना साक्षीला आत बोलावलं. डॉक्टरने त्यांना दारातून येताना पाहिलं आणि ते बसायच्या आधीच म्हणाला, "फोन आला होता. मी उठलो नाही." तो वाईट माणूस नव्हता, हे नौफाही म्हणते. म्हणते, वाईट असता तर सोपं झालं असतं. त्याच्या घराण्यातली माणसं आजही शेखांना रस्त्यात सलाम करत नाहीत, आणि शेखांच्या मागून जाहा आता पूर्वीइतक्या निघत नाहीत. शेख म्हणतात, गुडघे दुखतात.

चूक डॉक्टरची, असं समितीने लिहून दिलं. कोर्टाने भरपाई ठरवली, अम्मानला ऑपरेशन झालं. जूदचा उजवा हात आता तोंडापर्यंत जातो. केसांपर्यंत जात नाही. वेणी आईच घालते. फिद्दाला शेखांच्या भाच्याकडून मागणी आली नाही. गाडी शाळेवरून अजून हळू जाते, बघू.

मागच्या हिवाळ्यात शाळेत एक नवी मुलगी आली. तिने जूदला विचारलं, तुझा हात असा का? फिद्दा फळ्याकडे तोंड करून उभी होती, ती वळली नाही. जूद म्हणाली, "जन्मताना डॉक्टर उशिरा आला आणि त्याने ओढलं." मग म्हणाली, "तुझ्याकडे लाल रंग आहे का?"

फिद्दाने घरी येऊन वहिनीला जसंच्या तसं सांगितलं. नौफा चुलीपाशी होती, रस्स्याला उकळी यायची होती. तिने ऐकलं, मान हलवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हात ढवळत होता. त्या दिवशी मी तिथेच जेवलो. जमीद जरासुद्धा फाटलं नव्हतं.